साखर ओळखणारी प्रथिने आणि पेशीचा स्रावमार्ग

साखर म्हटले की आपल्याला ऊस, चहा किंवा फार तर मधुमेह आठवतो. जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही शर्करेची पहिली ओळख होते ती इंधन म्हणून. ग्लुकोजचे ज्वलन होते, ऊर्जा मिळते आणि प्रकरण संपते. परंतु पेशीमध्ये शर्करेकडे याखेरीज आणखी एक महत्त्वाचे काम सोपविलेले आहे. ते म्हणजे खुणेचे काम. धान्याच्या पोत्यावर जशी व्यापाऱ्याची खूण असते, तशी पेशीत तयार होणाऱ्या हजारो प्रथिनांवर शर्करेची खूण असते. अर्थात खूण केली एवढ्याने भागत नाही, ती वाचणाराही हवा. शर्करेची खूण वाचणाऱ्या या प्रथिनांना 'लेक्टिन' असे म्हणतात.

प्रस्तुत लेखात या शर्कराग्राही प्रथिनांचा शोध कसा लागला, पेशीच्या स्रावमार्गावर ती कोणते काम करतात आणि त्यांतील एखादे नाहीसे झाल्यास माणसावर काय प्रसंग ओढवतो, याचा विचार करावयाचा आहे. या प्रश्नाशी पुणे, मुंबई आणि बंगळूर या तिन्ही शहरांचा संबंध आहे. इतकेच नव्हे, तर आपल्या शेतातील हुलग्याचाही आहे.

१. शोधाची सुरुवात धान्यातून

एरंडाचे बी विषारी असते हे खेड्यातील लहान मुलालाही ठाऊक असते. १८८८ साली डोर्पाट विद्यापीठात (आजचे एस्टोनियातील टार्टू) हेर्मान श्टिलमार्क या विद्यार्थ्याने डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी एरंडाच्या बियांतील प्रथिन वेगळे केले. ते रक्तात मिसळले असता तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे होतात, असे त्याला आढळले. पेशींना गोळा करणाऱ्या वनस्पतिज प्रथिनांची ही पहिली नोंद समजली जाते.

पुढे १९१९ साली जेम्स समनर यांनी अमेरिकेत एका जातीच्या शेंगवर्गीय बियांतून 'कॉनकॅनॅव्हॅलिन ए' हे प्रथिन स्फटिकरूपात मिळविले. हेच समनर पुढे युरिएज या विकराचे स्फटिक मिळविल्याबद्दल १९४६ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. १९३६ साली त्यांनी व हॉवेल यांनी दाखवून दिले की, मिश्रणात साखर घातली तर पेशींचे हे गोळे होणे थांबते. यावरून निष्कर्ष स्पष्ट होता. प्रथिन पेशीला धरते ते पेशीवरील शर्करेला धरून. मोकळी साखर समोर आली की प्रथिनाचे हात तिच्यातच गुंतून पडतात आणि पेशी सुटून जातात.

आपल्या दृष्टीने याच्या पुढचा टप्पा विशेष महत्त्वाचा आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात रक्तसंक्रमणाच्या कामात असलेले डॉ. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ साली बंगळूरहून निघणाऱ्या 'करंट सायन्स' या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. हुलग्याचा, म्हणजे कुळथाचा, अर्क 'ए' गटाच्या रक्तातील तांबड्या पेशींचे गोळे करतो, इतर गटांच्या पेशींचे करीत नाही, असे त्यांनी त्यात दाखविले. त्यातही 'ए-१' या उपगटाच्या पेशींवर हा परिणाम जोरदार होतो व 'ए-२' वर फारसा होत नाही. याचे कारण आज आपल्याला समजते. 'ए' गटाच्या पेशीवरील शर्करासाखळीच्या टोकाला 'एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसॅमीन' नावाची शर्करा असते आणि हुलग्याचे लेक्टिन नेमकी तीच शर्करा ओळखते. 'ए-२' पेशींवर ती पुष्कळ कमी असते. रक्तपेढ्यांतून उपगट ओळखण्यासाठी हुलग्याच्या लेक्टिनचा उपयोग आजही केला जातो.

इंद्रवेल्लीच्या बाजारात आपण ज्याला हुलगे म्हणतो, तेलुगू बांधव ज्याला उलवलू म्हणतात आणि आपले कन्नड विभागाचे वाचक ज्याला हुरळी म्हणतात, ते हे साधे कोरडवाहू धान्य होय. त्याच्या पिठाचे शेंगोळे आपण खातो, पण आपल्या रक्ताच्या गोळ्या होत नाहीत. शिजविताना लेक्टिनची घडी मोडते व त्याची ओळखण्याची शक्ती नष्ट होते, हे त्याचे कारण. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा खाल्ल्यास उलट्या होतात त्या मात्र त्यातील न मोडलेल्या लेक्टिनमुळेच.

१९५४ साली विल्यम बॉइड आणि एलिझाबेथ शेपली यांनी या प्रथिनांना 'लेक्टिन' हे नाव दिले. निवडणे, वेचून घेणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून ते घेतलेले आहे. नाव सार्थ आहे. परंतु लेक्टिन ही वनस्पतींची मिरास नव्हे हे कळावयास आणखी वीस वर्षे जावी लागली.

२. पेशीचा स्रावमार्ग

लेक्टिन प्राण्यांच्या पेशीत काय करतात हे समजण्यासाठी पेशीच्या आतील वाहतूक माहीत असणे आवश्यक आहे. ती थोडक्यात अशी.

पेशीतील सुमारे एक तृतीयांश प्रथिने पेशीबाहेर जाण्यासाठी, पेशीपटलात बसण्यासाठी किंवा लयकारिकांसारख्या अंगकांत जाण्यासाठी तयार होतात. इन्सुलीन, प्रतिपिंडे, पचनाची विकरे, रक्त गोठविणारे घटक ही सर्व याच वर्गातील. त्यांची निर्मिती आंतर्द्रव्यजालिकेला चिकटलेल्या रायबोसोमवर होते. साखळी विणली जात असतानाच ती जालिकेच्या पोकळीत शिरते. तेथून ती लहान पिटिकांत भरून गॉल्जी पिंडाकडे जाते. तेथे तिच्यावर शेवटचे संस्कार होतात आणि मग ती आपापल्या ठिकाणी रवाना होते.

हा मार्ग जॉर्ज पॅलेड आणि त्यांचे सहकारी यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडावर प्रयोग करून दाखविला. पेशींना तीन मिनिटे किरणोत्सारी अमिनो आम्ल दिले आणि मग ते काढून घेतले. तीन मिनिटांनी किरणोत्सार जालिकेत दिसला, वीस मिनिटांनी गॉल्जी पिंडाच्या भागात आणि दोन तासांनी स्रावकणांत. पॅलेड यांना १९७४ चे नोबेल पारितोषिक आल्बेर क्लोद व क्रिस्तियां द दुव यांच्यासमवेत मिळाले. प्रथिनाच्या टोकाशी पत्ता लिहिलेला असतो हे दाखविणारे गुंटर ब्लोबेल यांना १९९९ साली, तर पिटिकांच्या वाहतुकीची यंत्रणा उलगडणारे रॉथमन, शेकमन व स्युडहोफ यांना २०१३ साली हा मान मिळाला. एकाच विषयाला तीन वेळा नोबेल मिळावे, यावरून त्याचे महत्त्व ध्यानात येईल.

३. चौदा शर्करांची खूण

जालिकेच्या पोकळीत प्रथिन शिरताच त्यावर एक तयार शर्करासाखळी एकदम जोडली जाते. या साखळीत चौदा शर्करा असतात. त्यांपैकी दोन एन-ॲसिटिल ग्लुकोसॅमीन, नऊ मॅनोज आणि टोकाला तीन ग्लुकोज. ही साखळी कोठेही जोडली जात नाही. ॲस्पॅराजीन हे अमिनो आम्ल, त्यानंतर प्रोलीन सोडून कोणतेही एक, आणि त्यानंतर सेरीन किंवा थ्रिओनीन, असा क्रम जेथे असेल तेथील ॲस्पॅराजीनवरच ती बसते.

एवढी मोठी साखळी जोडावयाची आणि लगेच तिची छाटणी सुरू करावयाची, हा प्रकार प्रथमदर्शनी उधळपट्टीचा वाटतो. परंतु सर्व मर्म या छाटणीतच आहे. साखळीतून कोणती शर्करा निघाली आणि कोणती राहिली, यावरून प्रथिनाची सद्यस्थिती कळते. ताज्या प्रथिनावर तीन ग्लुकोज असतात. परीक्षेस बसलेल्यावर एक असतो. उत्तीर्ण झालेल्यावर ग्लुकोज नसतो, मॅनोज असतात. नापास होऊन रद्द ठरलेल्यावर मॅनोजही कमी झालेले असतात. या प्रत्येक स्थितीतील शर्करा ओळखणारे निराळे लेक्टिन पेशीने नेमलेले आहे.

४. परीक्षक : कॅल्नेक्सिन व कॅल्रेटिक्युलिन

दोन ग्लुकोज विकरांनी छाटले की साखळीच्या टोकाला एकच ग्लुकोज उरतो. हा एकटा ग्लुकोज ओळखणारी दोन लेक्टिने जालिकेत आहेत. कॅल्नेक्सिन हे जालिकेच्या पटलात रुतलेले असते, तर कॅल्रेटिक्युलिन पोकळीत मोकळे असते. ही दोघे अर्धवट घडी झालेल्या प्रथिनाला धरून ठेवतात व त्याची घडी नीट बसेपर्यंत त्याला इतर प्रथिनांशी चिकटू देत नाहीत. त्यांच्याबरोबर एक सहायक विकर असते. ते प्रथिनातील गंधकाचे बंध योग्य जागी जुळवून देते.

नंतर उरलेला ग्लुकोजही छाटला जातो आणि प्रथिन सुटते. येथे एक निराळे विकर त्याची तपासणी करते. अर्जेंटिनातील आर्मांदो पारोदी यांच्या संशोधनातून पुढे आलेले हे विकर प्रथिनाची घडी चाचपून पाहते. घडी बरोबर असेल तर ते त्याला हात लावीत नाही. घडी चुकली असेल, प्रथिनाचा आतला जलविरोधी भाग बाहेर आला असेल, तर ते त्याच्या साखळीवर पुन्हा एक ग्लुकोज चढविते. ग्लुकोज चढताच कॅल्नेक्सिन त्याला पुन्हा धरते. असे फेरे प्रथिन नीट होईपर्यंत चालतात. आरी हेलेनियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हे चक्र मांडले.

आपल्या भागातील उदाहरण द्यावयाचे तर आदिलाबादच्या कापूस बाजाराचे देता येईल. कापसाची गाडी यार्डात आली की आधी ओलावा पाहिला जातो. ओलावा जास्त निघाला तर माल लगेच टाकून देत नाहीत. शेतकरी तो वाळवितो आणि पुन्हा आणतो. पेशीतही तेच घडते. मात्र कितीही वाळविला तरी सुधारत नाही असा सडका कापूस जसा शेवटी बाजूला काढावा लागतो, तसे काही प्रथिनांचे होते. फार काळ रेंगाळलेल्या प्रथिनाच्या साखळीतील मॅनोज हळूहळू छाटले जातात. ही छाटलेली खूण आणखी वेगळी लेक्टिने वाचतात आणि त्या प्रथिनाला जालिकेबाहेर, पेशीद्रवात ढकलण्याची व्यवस्था करतात. तेथे त्याला युबिक्विटिनची चिठ्ठी लागते व त्याचे तुकडे होऊन अमिनो आम्ले पुन्हा उपयोगात येतात.

कॅल्रेटिक्युलिन शर्करेला नेमके किती घट्ट धरते आणि टोकाचा ग्लुकोज काढून टाकला तर काय होते, याची मोजदाद बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. अवधेश सुरोलिया यांच्या गटाने हेलेनियस यांच्या सहकार्याने केली व ती २००३ साली प्रसिद्ध झाली. बंध जुळताना बाहेर पडणारी अतिशय अल्प उष्णता मोजून हे काम करण्यात आले. त्याच संस्थेत डॉ. एम. विजयन यांच्या गटाने १९९४ साली भुईमुगाच्या व १९९६ साली फणसाच्या लेक्टिनची त्रिमितीय रचना निश्चित केली होती. लेक्टिनच्या अभ्यासाची परंपरा आपल्याकडे किती भक्कम आहे, हे यावरून दिसून येते.

५. वाहक : ईआरजिक-५३

परीक्षेत उत्तीर्ण झालेले प्रथिन जालिकेतून गॉल्जी पिंडाकडे जावयास निघते. पुष्कळशी प्रथिने प्रवाहाबरोबर जातात. काहींना मात्र वाहक लागतो. असा एक वाहक बाझेल येथे हान्स-पीटर हाउरी यांच्या प्रयोगशाळेत १९८८ साली सापडला. जालिका आणि गॉल्जी पिंड यांच्यामधील स्थानकावर हे प्रथिन मोठ्या प्रमाणात असते व त्याचे वजन ५३ हजार डाल्टन आहे, म्हणून त्याचे नाव 'ईआरजिक-५३' असे पडले. पुढे हे मॅनोज ओळखणारे लेक्टिन आहे असे सिद्ध झाले.

या वाहकाचे काम मोठे नेटके आहे. त्याची शर्करा ओळखणारी बाजू जालिकेच्या पोकळीत असते, तर शेपूट बाहेर पेशीद्रवात. या शेपटीच्या अगदी शेवटी दोन लायसीन व दोन फेनिलॲलानीन अशी चार अमिनो आम्ले असतात. फेनिलॲलानीनची जोडी 'पुढे चला' असे सांगते आणि लायसीनची जोडी 'परत या' असे सांगते. एकाच पाटीवर जाण्याचा व येण्याचा असे दोन्ही मार्ग लिहिलेले असावेत तसे हे आहे. माल चढविण्यासाठी कॅल्शियम लागते. जालिकेत कॅल्शियम भरपूर असते, म्हणून तेथे माल चढतो. पुढच्या स्थानकावर आम्लता किंचित वाढते, पकड सैल होते आणि माल उतरतो. रिकामा वाहक परत फिरतो.

यापुढची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. २००२ साली स्टॉकहोम येथील संशोधकांनी उंदराच्या ईआरजिक-५३ मधील शर्करा ओळखणाऱ्या भागाची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केली. तेव्हा तो भाग हुलगा, वाटाणा, भुईमूग यांच्या लेक्टिनसारखाच निघाला. दोन चपट्या पट्ट्या एकीवर एक ठेवाव्यात तशी ही घडी असते. कॅल्नेक्सिनची रचना आदल्या वर्षी प्रसिद्ध झाली होती. तीही याच साच्यातील होती. शेंगेतील दाणा आणि माणसाची पेशी यांत शर्करा ओळखण्याचा साचा एकच असावा, ही उत्क्रांतीच्या अभ्यासकाने मनन करावे अशी बाब आहे.

६. एका आजाराचा उलगडा

रक्त गोठण्यासाठी अनेक प्रथिने क्रमाने कामास लागतात. त्यांना क्रमांक दिलेले आहेत. आठव्या घटकाच्या अभावाने होणारा हिमोफिलिया सर्वांना ठाऊक आहे. १९५४ साली एक निराळाच आजार वर्णिला गेला. त्यात पाचवा आणि आठवा हे दोन्ही घटक एकाच वेळी कमी असतात. पूर्णपणे नाहीसे होत नाहीत, पण बहुधा नेहमीच्या ५ ते ३० टक्क्यांइतकेच उरतात. रुग्णाच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. दात काढल्यावर, शस्त्रक्रियेत किंवा बाळंतपणात रक्त थांबत नाही. मुलींना मासिक पाळीत अतिस्राव होतो.

हे कोडे अवघड होते. पाचव्या घटकाचे जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे, आठव्याचे एक्स गुणसूत्रावर. पाचवा घटक यकृताच्या पेशींत तयार होतो, आठवा रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत. मग एकाच दोषाने दोन्ही कसे घटावेत? १९८० साली असे सुचविण्यात आले की, या दोन्ही घटकांना रक्तात निष्प्रभ करणाऱ्या यंत्रणेवरील नियंत्रण सुटत असावे. ही कल्पना तर्काला धरून होती, परंतु पुढील मोजमापांत ती टिकली नाही.

उलगडा १९९८ साली झाला. अमेरिकेतील मिशिगन येथे डेव्हिड गिन्सबर्ग यांच्या गटाने या आजाराच्या कुटुंबांतील दोष अठराव्या गुणसूत्रावर एका जनुकापर्यंत माग काढीत नेला. ते जनुक ईआरजिक-५३ चे निघाले. २००३ साली त्याच गटाला दुसऱ्या गुणसूत्रावर आणखी एक जनुक सापडले. त्यापासून कॅल्शियम धरणारे एक लहान प्रथिन तयार होते व ते ईआरजिक-५३ च्या जोडीने काम करते. या जोडीतील कोणीही एक बिघडले तरी आजार तोच होतो.

आता कोडे सुटते. पाचवा व आठवा हे दोन्ही घटक रचनेने एकमेकांची भावंडे आहेत. दोघांच्याही मधल्या भागावर शर्करासाखळ्यांची दाटी असते. दोघांनाही जालिकेतून निघताना हा वाहक लागतो. वाहक नसेल तर निर्दोष, पूर्ण घडी झालेले प्रथिन जालिकेतच अडकून पडते. थोडासा अंश वाहकाविनाही पुढे सरकतो, म्हणूनच रक्तातील प्रमाण शून्यावर येत नाही.

येथे सिकलसेलशी तुलना उद्बोधक होईल. आदिलाबाद, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल माहीत नाही असे गाव विरळा. त्या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, म्हणजे प्रथिनच सदोष असते. आपण पाहात असलेल्या आजारात पाचवा व आठवा घटक यांच्या जनुकांत काहीही दोष नसतो. माल उत्तम असूनही गाडीअभावी तो शेतातच पडून राहावा, असा हा प्रकार आहे.

भारतातील रुग्णांविषयीचे काम मुंबईत झाले. परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची रुधिर-प्रतिरक्षाशास्त्र संस्था आहे. तेथील डॉ. दीपिका मोहंती, डॉ. कंजाक्ष घोष व डॉ. श्रीमती शेट्टी यांनी इटलीतील डॉ. फ्लोरा पेव्हांडी यांच्या गटासमवेत भारतीय कुटुंबांतील या आजाराच्या जनुकांची तपासणी करून ती २००५ साली प्रसिद्ध केली. वर सांगितलेल्या दोन्ही जनुकांतील उत्परिवर्तने भारतीय कुटुंबांत सापडली. ईआरजिक-५३ च्या जनुकातील एक उत्परिवर्तन तर पूर्वी कोठेही नोंदलेले नव्हते. लेक्टिनचा हा विषय परदेशी पुस्तकांपुरता नाही, आपल्या माणसांच्या रक्ताशी त्याचा संबंध आहे, हे या कामाने दाखवून दिले.

७. मार्गावरील पुढची स्थानके

गॉल्जी पिंडात पोचल्यावरही लेक्टिनचे काम संपत नाही. लयकारिकांत जावयाच्या विकरांवर तेथे मॅनोजला फॉस्फेट जोडले जाते. ही खूण ओळखणारी दोन ग्राही प्रथिने त्या विकरांना वेचून लयकारिकांच्या वाटेवर सोडतात व आम्लधर्मी जागी पोचताच मोकळी करतात. फॉस्फेट जोडणारे विकर ज्या बालकांत नसते, त्यांची लयकारिकांची विकरे रक्तात सांडतात आणि पेशी न पचलेल्या पदार्थांनी भरून जातात. १९६७ च्या सुमारास वर्णिलेल्या या गंभीर आजाराच्या अभ्यासातूनच एलिझाबेथ न्यूफेल्ड यांनी १९७२ साली असा तर्क केला की, या विकरांवर पत्त्याची काहीतरी खूण असली पाहिजे. ती खूण मॅनोज-६-फॉस्फेट आहे हे नंतर सिद्ध झाले.

गॉल्जी पिंडात लागणाऱ्या शर्करांचे आणखी एक उदाहरण मुंबईचेच आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट जगापुढे आणला. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर फ्यूकोज ही एकच शर्करा योग्य जागी बसत नाही, आणि तेवढ्याने त्यांना 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. एका शर्करेची किंमत काय असते याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

रक्तात गेलेल्या प्रथिनांवरही शेवटपर्यंत शर्करेचीच नजर असते. त्यांच्या साखळीच्या टोकावरील सियालिक आम्ल गळून पडले की खालचा गॅलॅक्टोज उघडा होतो. यकृतातील एक लेक्टिन तो ओळखते आणि जुने प्रथिन रक्तातून काढून घेते. ॲशवेल व मॉरेल यांच्या संशोधनातून १९७० च्या दशकात हे लेक्टिन पुढे आले व प्राण्यांतही लेक्टिन असतात हे निर्विवाद ठरले.

८. आपल्यासाठी बोध

हा आजार दुर्मीळ आहे. साधारणपणे दहा लाखांत एक असा अंदाज देतात. मग त्याची एवढी चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण म्हणजे निदानातील चूक. रक्तस्रावाच्या रुग्णाचा फक्त आठवा घटक मोजला आणि तो कमी निघाला, तर 'हिमोफिलिया' असे लिहून प्रकरण मिटविले जाते. मग आठवा घटक टोचला जातो आणि पाचव्याची उणीव तशीच राहते. त्यासाठी गोठविलेला ताजा रक्तद्रव द्यावा लागतो, कारण पाचव्या घटकाचे वेगळे औषध सहजासहजी मिळत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर हा फरक जिवावर बेतू शकतो. दोन साध्या तपासण्यांवरून संशय येऊ शकतो. हिमोफिलियात 'ए. पी. टी. टी.' हा काल वाढतो, पण 'पी. टी.' हा प्रोथ्रॉम्बिन काल साधारण असतो. दोन्ही काल वाढलेले असतील, तर पाचवा व आठवा असे दोन्ही घटक मोजून घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

दुसरे कारण मुलींचे आहे. रक्त न थांबण्याचा आजार मुलग्यांनाच होतो, असा समज सर्वत्र आहे. आठव्या घटकाच्या हिमोफिलियापुरता तो बव्हंशी खरा आहे, कारण त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. ईआरजिक-५३ चे जनुक अठराव्या गुणसूत्रावर असल्यामुळे हा आजार मुलामुलींना सारखाच होतो. पाळीतील अतिस्राव 'बायकांचे नेहमीचेच' म्हणून मुकाट्याने सोसणारी मुलगी प्रत्यक्षात याच किंवा अशाच एखाद्या आजाराची रुग्ण असू शकते. तिची तपासणी बाळंतपणाच्या आधी झाली पाहिजे, नंतर नव्हे.

तिसरे कारण आपल्या चालीरीतींशी निगडित आहे. हा आजार अप्रभावी जनुकाने होतो. आई व वडील दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मामाची किंवा आत्याची मुलगी करणे महाराष्ट्राच्या काही भागांत, कर्नाटकात व तेलंगणात रूढ आहे. सख्ख्या मामे-आते भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. त्यामुळे एरवी लाखांत विरळ असणारे जनुक एकाच घरात दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा संभव वाढतो. नात्यातील लग्न हा अपराध नव्हे. पण घरात कोणाला रक्त न थांबण्याचा त्रास असेल, तर पत्रिका जुळविण्याबरोबर रक्ततपासणीचाही विचार व्हावा, एवढे सांगणे शास्त्राच्या विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे.

९. प्रयोगशाळेत करून पाहण्यासारखे

आपल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करता येण्याजोगा एक सोपा प्रयोग सुचवितो. थोडे हुलगे बारीक दळून ०·९ टक्के मिठाच्या पाण्यात काही तास भिजवावेत व गाळून घ्यावेत. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून, रक्तपेढीतून मिळालेल्या 'ए', 'बी' व 'ओ' गटांच्या धुतलेल्या तांबड्या पेशींचा एकेक थेंब काचपट्टीवर घ्यावा आणि त्यात अर्काचा थेंब मिसळावा. 'ए' गटाच्या थेंबात काही मिनिटांत बारीक गुठळ्या दिसू लागतील, बाकीचे थेंब एकसारखे राहतील. 'ए' च्या थेंबातही काही झाले नाही, तर ते रक्त 'ए-२' उपगटाचे असण्याचा संभव आहे. तोच अर्क उकळून पुन्हा वापरावा आणि काय फरक पडतो याची नोंद ठेवावी.

काचपट्टीवर जे दिसेल तेच काम आपल्या प्रत्येक पेशीत, त्याच साच्यातील प्रथिनांकरवी, अहोरात्र चाललेले असते. फरक एवढाच, की तेथे गुठळी होत नाही. एकेक प्रथिन ओळखले जाते, तपासले जाते आणि आपल्या मुक्कामी पोचविले जाते. ही ओळख ज्या घरात चुकते तेथे कोणाचे तरी रक्त थांबत नाही. अशा घराला योग्य वेळी योग्य तपासणीचे नाव सांगणारा एखादा पदवीधर आपल्या महाविद्यालयातून बाहेर पडला, तर या विषयाच्या अध्ययनाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.